जोमादादांची बंदी

चैत्रातल्या एका मंगळवारी नायगावच्या मीठ चौकीवरची पाटी उतरवली. सकाळी साहेब आले. त्यांनी हुकूम वाचून दाखवला, माझ्या सहीखाली सही केली आणि अकराच्या गाडीने ते परत गेले. दुपारी गावात दवंडी दिली. दवंडीचा मजकूर मी लिहिला होता. संध्याकाळी जोमादादांनी पट्टा आणि बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला आणि ते बांधावर गेले.

जोमादादा वारल्याचं कार्ड मला उरणला मिळालं, त्याला आता दोन महिने झाले. त्यांच्या धाकट्या भावाने, पोशाने, कोणाकडून तरी लिहवून घेतलेल्या चार ओळी. मी त्या वाचल्या, कार्ड बाजूला ठेवलं आणि कामाला लागलो; पण तेव्हापासून काम नीट होत नाही. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कुठे जायचं ते कळत नाही. मग मधल्या वेळात हे असं थोडं थोडं लिहितो.

चौकीत आम्ही दोघंच होतो. मी कारकून, ते शिपाई. मी गास गावचा. घरी केळीची वाडी, पानवेली. शाळा शिकून नोकरीला लागलेला घरातला मी पहिला. पुस्तक आणि सावली मिळाली की मला दुसरं काही लागत नसे. जोमादादा खाडीकाठच्या आगरी घरातले, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणे, ते मला भाऊसाहेब म्हणत. चौकीत दोन खुर्च्या होत्या. दुसऱ्या खुर्चीवर ते बसलेले मी सहा वर्षांत पाहिले नाहीत. भाकरीसुद्धा उभ्याने खात. डाव्या तळहातावर भाकरी, तिच्यावर भाजलेला बोंबील, आणि डोळे दारातून बाहेर, बांधाकडे.

"दादा, बसा की घटकाभर."

"मी बसलो तर पानी बसंल काय?"

हा बांध म्हणजे काय ते सांगायला हवं. त्याच्या बाहेरच्या अंगाला खाडी आणि मिठागरं, आतल्या अंगाला गावाची भाताची शेतं. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी शेतांच्या पातळीच्या वर चढतं. मध्ये फक्त हा मातीचा बांध, माणसांनी हातांनी रचलेला. त्याचा शत्रू समुद्र नव्हे, खेकडा. खेकडा बोटाएवढं बीळ करतो. पुढच्या भरतीला ते मुठीएवढं होतं, त्याच्या पुढच्या भरतीला माणूस आत शिरेल एवढं. एकदा खारं पाणी शेतात आलं की दोन-तीन पावसाळे जमीन धुवून निघेपर्यंत भात होत नाही.

जोमादादा रोज दोनदा बांधावरून चालत. हातात लोखंडी टोकाची काठी. दर दोन पावलांवर ती खुपसायची, मनगटाने अंदाज घ्यायचा, पोकळ लागलं की खाली वाकून चिखल भरायचा आणि टाचेने दाबायचा. खात्याने त्यांना या कामासाठी नेमलंच नव्हतं. त्यांचं काम होतं चोरून मीठ काढणाऱ्यांना पकडणं. पण पकडायचं म्हणून बांधावरून चालायचं, तर चालता चालता बांधही बघायचा, असा त्यांचा हिशेब.

त्यामुळे त्यांना एक खोड लागली होती. कोणतीही गोष्ट सांगा, ऐकून घेत आणि विचारत, "यात भोक कुठं हाय?" पुतणीला स्थळ आलं तेव्हा त्यांनी पाहुण्यांच्या तोंडावर हेच विचारलं. पाहुणे उठून चालले होते. पोशाने हातापाया पडून त्यांना बसवलं. लग्न झालं आणि चांगलं झालं. जोमादादांना विचारलं, "मग? निघालं का भोक?" तर म्हणाले, "विचारलं म्हनून त्यांनीच बुजवलं असंल."

मी त्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. स्वातंत्र्य आलेलं होतं, आणि पानोपानी एकच शब्द होता: निर्बंध. धान्यावरचे निर्बंध उठवावेत की ठेवावेत. एक बाजू म्हणे, सरकारने हात काढला की दडलेला माल बाहेर येईल, भाव आपोआप उतरतील. दुसरी बाजू म्हणे, चढतील. निर्बंध उठणार असं छापून आलं त्या दिवशी मी त्यांना माझ्या परीने समजावलं. परवाने, नाकी, जप्ती यांनी माणूस भितो. भिणारा माणूस माल लपवतो. भीती काढली की तो माल बाजारात आणतो.

त्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा चावून संपवला. "सगळेच आनतील?"

"आणतील. विकायलाच तर पिकवतात."

"माझ्या घरात चार पायली भात हाय, मी उद्याच आनीन, मना मीठ-मिरची लागतेय. ज्याचं कोठार भरलेलं हाय त्याला कसली घाई? बंदी होती तवा तो सरकारला भीत व्हता. आता तो कोनाला भिनार?"

मी म्हटलं, "म्हणजे निर्बंध ठेवावेत म्हणता?"

"मी कुठं म्हनतो? काढा की. पन काय काय निघतंय ते बगून काढा."

पुढच्या काही वर्षांत ते निर्बंध गेले, परत आले, परत गेले. मी मोठमोठ्या माणसांचे लेख वाचले. त्यांत जोमादादांचा प्रश्न कोणी सोडवलेला मला आढळला नाही. बहुतेकांनी तो विचारलाही नव्हता.

मीठ खात्यात ते कसे आले ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही दुसरं काही सांगता सांगता. ओहोटी लागली की खाडीच्या चिखलावर उन्हात मिठाची पांढरी साय धरते. ती खरवडून घरी नेणं त्या काळी गुन्हा होता. त्यांच्या आईने पदरात ओंजळभर मीठ खरवडून घेतलं आणि चौकीच्या शिपायाने तिला पकडलं. सगळ्यांसमोर पदर खाडीत झटकायला लावला. मग दिवस मावळेपर्यंत चौकीच्या ओट्यावर बसवून ठेवलं.

"आये घरी आली, काय बोलली नाय. चूल पेटवली. सगळ्यांना वाढलंन. आपन जेवली नाय."

"आणि तुम्ही त्याच खात्यात नोकरी धरलीत?"

"मंग? मी नाय धरली तर दुसरा धरनार. तो पन पदर झटकील."

त्यांनी कोणाचा पदर झटकला नाही. त्यांना खोकला होता. बांधावर चढले की तो सुरू होई. खाडीपार ऐकू जाईल असा. खाली चिखलात बसलेल्या बाया तो ऐकत, सावकाश उठत, टोपल्या झाकत आणि निघून जात. जोमादादा तिथे पोचेपर्यंत चिखलावर फक्त पावलं उरत. एकदा साहेब तपासणीला आले असताना त्यांनी हा खोकला ऐकला. त्यांना वाटलं क्षय आहे. त्यांनी जोमादादांना डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरने छाती तपासली आणि चिठ्ठीवर लिहिलं, फुप्फुसं निरोगी आहेत. साहेब मला म्हणाले, "मग हा माणूस खोकतो कशाने?" मी म्हटलं, "खारा वारा, साहेब." ती चिठ्ठी मी दप्तरात लावली. माझ्या नोकरीतली जाणूनबुजून केलेली ती एकच लबाडी.

गावातल्या सोनूबायला मात्र त्यांची दया येत नसे. सोनूबाय विधवा, दोन शेतं आणि मिठागरात एका कोंडीचा, म्हणजे मिठाच्या वाफ्याचा, वाटा सांभाळणारी, जिभेने तिखट. जोमादादा स्वतःच्या घरचं मीठ वसईच्या बाजारातून विकत आणत. मिठागरातला खडाही घरी नेत नसत. त्यावर ती भर रस्त्यात म्हणायची, "मासा बगा, पानी विकत घेतोय." जोमादादा मान खाली घालून हसत आणि पुढे जात.

आता बंदीचं सांगतो. मीठ पिकवायला परवाना लागत असे आणि परवान्यावर अटी असत. नववं कलम असं होतं की परवान्यात ज्यांचा वाटा आहे अशा प्रत्येक घराने वैशाखात चार दिवस एक माणूस बांधाच्या दुरुस्तीला द्यावा. गावात असं घर नव्हतं ज्याचा कुठल्या ना कुठल्या परवान्यात वाटा नव्हता. म्हणजे सगळं गाव आलं. बांध वाटून दिलेला होता. या चिंचेपासून त्या दगडापर्यंत पाटलांचा, तिथून पुढे सोनूबायच्या दिरांचा, असा. या कामाला कागदावर बांधबंदिस्ती म्हणत. गावाच्या तोंडी एवढा शब्द कशाला राहील? गावात म्हणत, बंदी. "उद्या आमची बंदी हाय." "तुझी बंदी झाली काय?" वैशाखात जोमादादा घरोघर जाऊन आठवण देत आणि लोक त्यांना पाहून कुरकुरत. सोनूबाय ओरडायची, "जोमादादा आला गो, फावडी लपवा." आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तिचंच फावडं बांधावर दिसायचं.

चैत्रात हुकूम आला. मिठावरचा कर आधीच गेला होता. आता थोडक्या जमिनीवर मीठ पिकवणाऱ्याला परवान्याचीही गरज उरली नव्हती. इंग्रजी हुकूम दीड पानाचा होता. साहेब म्हणाले, लोकांना कळेल असं दोन ओळींत लिहा. मी आधी लिहिलं, 'लहान मीठ उत्पादकांना परवान्याच्या अटीतून मुक्त करण्यात आले आहे.' मला वाटलं हे कोणाला कळणार नाही. मी ते खोडलं आणि लिहिलं, 'मिठाची बंदी उठली. ज्याला मीठ पिकवायचं त्यानं पिकवावं.' मला ते चांगलं जमल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी पट्टा-बिल्ला ठेवून जोमादादा बांधावर गेले, तेव्हा मीही दारात जाऊन उभा राहिलो. ओहोटी होती. खाली आठ-दहा बाया मीठ खरवडत होत्या. जोमादादा बांधावर उभे होते आणि खोकत नव्हते. एक बाई मान वर करून त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला कळेना उठावं की बसावं. शेवटी त्यांनीच हाताने खूण केली, बस, बस. मग ते खाली उतरले, चिखलावरचं मीठ बोटाने उचललं आणि जिभेवर ठेवलं. किती तरी वेळ तोंडात घोळवत राहिले.

पोशाने आठवड्याच्या आत बांधाला लागून स्वतःचं लहानसं मिठागर खणायला घेतलं. तळ पायांनी तुडवून तुडवून पक्का केला. पाणी आत घ्यायला बांध कापला आणि पोकळ केलेला ताडाचा सोट त्यात बसवला. पावसापूर्वी मिठाचे दोन ढीग निघाले. मातकट रंगाचे, पण त्याचे स्वतःचे.

वैशाख लागला. जोमादादा नेहमीप्रमाणे घरोघर निघाले. पहिल्याच दारात त्यांना सांगण्यात आलं, "आता कसली बंदी? बंदी उठली ना."

"ती मिठाची उठली."

"मिठागराचीच तर बंदी व्हती. सरकारनं ढोल वाजवून सांगितलंय. तुला नाय ऐकू आलं?"

दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात तेच. दुपारी ते चौकीत आले. नोकरी संपली होती तरी येत. मला दप्तर आवरायला श्रावणापर्यंत ठेवलं होतं.

"भाऊसाहेब, दवंडीत काय लिवलं व्हतं? वाचा."

मी वाचलं. त्यांनी परत वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी मी 'बंदी' या शब्दावर थांबलो.

"यात भोक हाय," ते म्हणाले.

मी त्यांना सांगितलं, की हुकमात परवाना असं आहे. मला वाटलं लोकांना कळायला सोपा शब्द घालावा.

"सोपा शब्द," ते म्हणाले. "हां. सोपा हाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे मला जास्त लागलं. पुढे मी कोशात पाहिलं. बंदी फारसीतून आलेला, बांध आपला जुना. आमच्या खाडीकाठी दोघे कधी एक झाले ते कोणी लिहून ठेवलेलं नाही, आणि सहा वर्षं रोज कानांवर पडत असताना मला ते ऐकू आलं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशीच वसईला गेलो. साहेबांना म्हटलं, माझ्या शब्दाने घोटाळा झाला, लोकांना वाटतंय बांधाचं कामही माफ झालं. दुसरी दवंडी द्यायची परवानगी द्या. साहेबांनी चष्मा काढला. "घोटाळा कसला? परवाना गेला तर परवान्यातलं नववं कलम कुठे राहिलं? लोकांना बरोबर कळलंय."

"मग बांध?"

"बांध ज्यांचा त्यांनी बघावा. सरकारने तेच तर सांगितलंय."

हे जोमादादांना सांगणं मला जड गेलं. ते ऐकून काठी खाली टेकवून उभे राहिले. "म्हंजी गाव चुकलं नाय."

"नाही."

"तुमी चुकलात, म्हनून गावाला बरोबर कळलं."

ते हसले नाहीत. मीही हसलो नाही. त्या दिवसापासून त्यांची बेचैनी वाढली. आधी दिवसातून दोनदा बांधावर जात, आता चारदा. मधल्या वेळात दारोदार. हुकूम नव्हता, बिल्ला नव्हता. लोक विचारत, "कोनाच्या सांगन्यावरनं आलास?" ते म्हणत, "कोनाच्या नाय. सांगायला आलोय." काही आले. निम्म्याहून जास्त घरं आली नाहीत. आली त्यांनी आपापला वाटा केला, शेजारचा तसाच ठेवला. सोनूबाय आली. काम करता करता बोलत होती, "सरकार व्हतं तवा शिव्या घालून येत व्हते, आता शिव्या घालायला पन कोन नाय."

पोशाशी त्यांचं भांडण झालं ते मी ऐकलं. चौकीच्या मागेच झालं.

"पोश्या, यो सोट काढ. पावसाअगोदर बुजव."

"का काढू? परवाना नाय लागत."

"परवान्याचं नाय सांगत. बांधाला भोक पाडलंस तू."

"दादा, आयेचा पदर झटकला तो तुझ्या एकट्याच्या आयेचा? माझी पन आये ती. आज मी तिच्या नावानं दोन ढीग काढले तर तू आडवा येतोस. चौकी गेली, तू नाय गेलास."

पोशा जेवायला गेला. सोट तिथेच होता, काठी हातात होती, बघायला कोणी नव्हतं. मी खिडकीतून पाहत होतो. जोमादादा सोटाजवळ गेले, वाकले, सोटाच्या भोवतीची माती हाताने चाचपली, दोन ठिकाणी चिखल लावला आणि परत आले. मी म्हटलं, "काढून टाकायचा होतात." ते म्हणाले, "मी काढला तर त्या शिपायात नि माझ्यात फरक काय?"

पाऊस आला. भाताच्या आवण्या लावून झाल्या. नारळी पौर्णिमेला दुपारी मोठी भरती होती. जोमादादा सकाळपासून पोशाच्या सोटाजवळ उभे होते. बांध फुटला तर इथेच फुटेल अशी त्यांची खात्री होती. माझीही. मी चौकीत बसून नोंदवह्या कापडात बांधत होतो. घागर कलंडावी तसा आवाज आला, पायाखालून. दाराशी गेलो तर ओट्याच्या खालून पाणी शेताकडे चाललं होतं. मी बाहेर येऊन ओरडलो. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

सोट हलला नव्हता. पोशाने स्वतःच्या फायद्यापोटी तो इतका पक्का बसवला होता की तिथला बांध सगळ्यांत भक्कम होता. फुटलं ते चौकीसमोर. जोमादादा धावत आले. फुटलेल्या खांडाकडे पाहत त्यांनी विचारलं, "यो कोनाचा वाटा?"

मी म्हटलं, "चौकीचा."

बांधाच्या वाटणीत चौकीसमोरचा तुकडा सरकारकडे होता. दर वैशाखात खात्याची माणसं येऊन तो भरून जात. त्या वर्षी खातं गेलं, त्याचा वाटाही गेला. जोमादादा गावातल्या प्रत्येक दारात जाऊन आले होते. या दारात ते रोज येत होते, पण सांगायला नव्हे. मी त्या तुकड्यावर तोंड धूत होतो. आम्हा दोघांच्या मनात ते आलं नाही.

"समद्यांची भोकं बगितली," ते म्हणाले, आणि खांडात उतरले.

पाणी छातीपर्यंत होतं. मग पोशा आला, पाठीवर स्वतःच्या घराचा दरवाजा घेऊन. तो आडवा लावला आणि दोघं भाऊ त्याला पाठ देऊन उभे राहिले. गाव आलं. वैशाखात न आलेलेही आले. बाया टोपल्यांनी चिखल देत होत्या. सोनूबाय वरून म्हणत होती, "जोमादादा, सरकारचं शेपूट तुझ्या हातात राहिलं की रं." ओहोटी लागेपर्यंत हे चाललं. खांड बुजलं, पण तोवर आतली निम्मी शेतं पांढुरकी दिसत होती. त्यांतला भात आठ दिवसांत करपला. सोनूबायची दोन्ही शेतं त्यात होती.

आश्विनात माझी उरणला बदली झाली. पुढच्या अक्षय तृतीयेला देवळात गाव बसलं तेव्हा मला मुद्दाम बोलावून घेतलं. अर्ज लिहायचा होता. सरकारला विनंती, की परवाना परत सुरू करावा, चौकी परत बसवावी. बोलणाऱ्यांत पोशा पुढे होता. "भाऊसाहेब, चांगला कडक लिवा. बंदी परत घाला म्हनावं. त्याबिगर कोन येत नाय."

मी कागद काढला. जोमादादा खांबाला टेकून उभे होते.

"बंदी परत मागाल तर परवाना पन येल," ते म्हणाले. "परवान्यामागं चौकी येल. चौकीत कोनतरी शिपाई येल. तो खोकेलच असं नाय."

पलीकडे बायांत एक म्हातारी होती, तिने पदर सारखा केला.

"मंग काय करायचं?" पोशाने विचारलं.

"नववा कलम ठेवू. बाकीचे आठ नको. कोनाला विचारायचं नाय, आपनच ठेवायचा. दर अक्षय तृतीयेला बसायचं नि विचारायचं, यंदा हवा काय? हवा तर बांध वाटायचा. चौकीचा तुकडा पन वाटायचा."

"नि नाय आला त्याचं काय करायचं?" हे सोनूबायने विचारलं. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. तिची शेतं पडून होती. "त्याचं पानी तोडायचं? त्याला वाळीत टाकायचं? काय ते सांग, जोमादादा."

सगळे जोमादादांकडे पाहत होते, कारण बाकी सगळं ठरलं होतं, हे एवढंच उरलं होतं.

"ते मना ठावं नाय," ते म्हणाले.

अर्ज लिहिला नाही. कागद मी परत घडी घालून ठेवला.

नंतर पाच-सहा वेळा तरी मी गासला जाता-येता नायगावला उतरलो असेन. ते असताना शेवटचा उतरलो तो गेल्या वर्षीच्या वैशाखात. जोमादादा बांधावर होते. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, अंगावर मांस राहिलं नव्हतं. काठी खुपसण्याआधी ते आता पायाच्या अंगठ्याने चाचपत. खाली माणसं चिखल भरत होती. मी त्यांच्याबरोबर चालू लागलो. कोण आलं, कोण नाही, ते सांगत होते. न आलेल्यांची नावंही त्यांनी तशाच आवाजात सांगितली.

मला बरीच वर्षं विचारायचं होतं, ते विचारलं. "दादा, परवाना उठवला ते बरोबर झालं की चूक?"

"बरोबर झालं." ते लगेच म्हणाले. मग चार पावलं गेल्यावर, "पन उचलनाऱ्यानं वाकून बगायचं व्हतं, त्याच्यावर काय काय टेकलंय."

"न येणाऱ्यांचं काय करायचं, त्याचं उत्तर मिळालं?"

"नाय. रोज दारात जातो. कदी येतात, कदी नाय. माझ्यामागं कोन जानार तेवढा घोर हाय."

माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी म्हटलं, येतो. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष पलीकडे होतं, तिथे एका वाट्यावर कोणीच माणूस दिसत नव्हतं. ते त्या वाट्याच्या घराकडे निघाले. बांधावरून खाली उतरताना घसरले, सावरले, शेत ओलांडून गेले. त्या घराच्या दारात उभे राहून आत कोणाशी तरी बोलत होते. तिथून काय उत्तर मिळालं ते मला ऐकू येण्यासारखं नव्हतं.

पोशाच्या कार्डात शेवटची ओळ अशी आहे: दादाच्या जागी आता सोनूबाय दारोदार जाते. परवा मी नायगावला जाऊन आलो. बांध उभा आहे. यंदा एकतीस घरांची माणसं आली, नऊ घरांची आली नाहीत. चौकीसमोरचा तुकडा भरलेला आहे.